वाचकांचे प्रश्न: मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवर व्हीएम टाकायची कशी?

या महिन्यात बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारलीये. सर्व्हरवर डेस्कटॉप नाही, फक्त एसएसएचचं, म्हणजे दुरून लॉगिन करायचं, काळं टर्मिनल आहे, आणि त्यावर व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर, उभी करायचीये. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. उत्तरं सगळी लिनक्सच्या केव्हीएम आणि लिबव्हर्टला धरून आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, नेमकं स्पेलिंग आणि डॅश किती ते "मॅन व्हर्ट-इन्स्टॉल" आणि "मॅन व्हर्श" मध्ये सापडेल (पहिली कमांड व्हीएम बनवते, दुसरी बनलेल्या व्हीएम सांभाळते), आणि ती दोन पानं एकदा निवांत वाचाच असा माझा आग्रह आहे.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या लॅबला एक जुना टॉवर सर्व्हर मिळालाय, ३२ जीबी रॅम आहे, त्यावर उबुंटू सर्व्हर २४.०४ टाकलंय. मुलांना प्रॅक्टिससाठी व्हीएम द्यायच्यात. पण जो व्हिडिओ बघावा त्यात माउसने व्हर्ट-मॅनेजर चालवतात. मग आधी सर्व्हरवर डेस्कटॉप टाकून घेऊ का?
— एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर: नको मॅडम, अजिबात नको. हे जरा सविस्तर सांगते, कारण एवढं नीट कळलं की पुढचे बरेच प्रश्न पडतच नाहीत.

व्हीएम चालवायचं खरं काम कर्नल करतो. केव्हीएम हा लिनक्स कर्नलचाच भाग आहे, २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून. त्याच्या जोडीला क्यूईएमयू असतं, फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं, ते व्हीएमला खोटी डिस्क, खोटं नेटवर्क कार्ड, खोटा सिरीयल पोर्ट वगैरे दाखवतं. या दोघांना सांभाळणारा, कुठली मशीन चालू कुठली बंद याची नोंद ठेवणारा जो आहे तो लिबव्हर्ट. आणि व्हर्ट-मॅनेजर? तो फक्त लिबव्हर्टशी बोलणारी खिडकी आहे. ती खिडकी सर्व्हरवरच असली पाहिजे असं कुणीही म्हटलेलं नाही. तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर व्हर्ट-मॅनेजर तिथे टाका, "ॲड कनेक्शन" मध्ये एसएसएचचा पर्याय निवडा, सर्व्हरचं नाव आणि युजर द्या, झालं. व्हिडिओत दिसतं ते सगळं तसंच दिसेल, फक्त मशीन सर्व्हरवर चालेल. सर्व्हरवर डेस्कटॉप टाकला तर एका लहान व्हीएमची रॅम त्यातच जाते, वर अपडेट करायच्या गोष्टी वाढतात, आणि हे सगळं कशासाठी तर कुणी न बघणाऱ्या स्क्रीनसाठी.

सुरुवात कुठून करायची तर प्रोसेसर तपासण्यापासून. "एलएससीपीयू" चालवा, "व्हर्च्युअलायझेशन" नावाच्या ओळीत व्हीटी-एक्स (इंटेल) किंवा एएमडी-व्ही दिसलं पाहिजे, आणि स्लॅश डेव्ह फोल्डरमध्ये केव्हीएम नावाची फाइल असली पाहिजे. ती ओळ किंवा ती फाइल दिसत नाही असं झालं तर बहुतेक वेळा बायोसमध्ये ते बंद ठेवलेलं असतं, जुन्या टॉवर सर्व्हरमध्ये तर हमखास, त्यासाठी मात्र एकदा मॉनिटर-कीबोर्ड लावावा लागेल. तेव्हाच बायोसमधलं "वीज आल्यावर आपोआप चालू हो" हे सेटिंगपण करून घ्या, त्याचं कारण पुढे एका प्रश्नात येतंय.

पॅकेजेस चार: क्यूईएमयू-सिस्टम-एक्स८६, लिबव्हर्ट-डीमन-सिस्टम, लिबव्हर्ट-क्लायंट्स आणि व्हर्टइन्स्ट. एपीटीला "नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स" सांगितलं तर ग्राफिक्सची न लागणारी लटांबर येत नाही, पण मग डीएनएसमास्क-बेस आणि क्यूईएमयू-युटिल्स ही दोन नावं स्वतःहून यादीत घाला, कारण तीही "रेकमेंड्स" मध्येच असतात आणि पहिलं नसेल तर लिबव्हर्टचं डीफॉल्ट नेटवर्क सुरूच होत नाही. मग स्वतःला लिबव्हर्ट ग्रुपमध्ये टाका, लॉगआउट करून परत या, आणि "व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट" चालवा. काय कमी आहे ते तोच ओळीने सांगतो.

प्रश्न: मी डेबियनचा आयएसओ (इन्स्टॉलेशन सीडीची फाइल) उतरवला, व्हर्ट-इन्स्टॉलला सीडीरॉम ऑप्शनमध्ये तो दिला, ग्राफिक्सला "नन" दिलं. कमांड चालते, "कनेक्टेड टू डोमेन" येतं, एस्केप कॅरेक्टरची ओळ येते आणि मग काहीच नाही. तासभर वाट बघितली. मशीन हँग झालीये का? सगळं तीनदा काढून टाकून पाहिलं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: मशीन हँग झालेली नाही. ती आत व्यवस्थित चालू आहे, आणि इन्स्टॉलर तुमची वाट बघतोय, फक्त तो ज्या पडद्यावर हे लिहितोय तो पडदाच तुम्ही दिलेला नाही. या विषयात माणसं सगळ्यात जास्त इथेच अडकतात म्हणून नीट बघू.

"ग्राफिक्स नन" म्हटलं की व्हीएमला ग्राफिक कार्ड मिळत नाही, त्याऐवजी एक सिरीयल पोर्ट मिळतो. जुन्या कॉम्प्युटरच्या मागे नऊ पिनांचा कॉम पोर्ट असायचा ना, तोच, पण सॉफ्टवेअरमधला. तुमचं टर्मिनल त्या पोर्टला जोडलेलं असतं. पण इन्स्टॉलरच्या कर्नलला हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. आयएसओमधला बूट मेनू पडद्यासाठी बनवलेला असतो, तो तिकडेच लिहितो. व्हर्ट-इन्स्टॉल खरं तर हे सांगतोसुद्धा, सुरुवातीलाच एक वॉर्निंग येते की सीडीरॉमवाला इन्स्टॉलर टेक्स्ट कन्सोलवर काही छापत नाही, लोकेशन वापरून बघा. ती ओळ भराभर वर निघून जाते आणि कुणी वाचत नाही.

तर उपाय त्या वॉर्निंगमध्येच आहे. सीडीरॉम ऐवजी लोकेशन वापरायचं. लोकेशन दिलं की व्हर्ट-इन्स्टॉल इन्स्टॉलरचा कर्नल आणि इनिटआरडी (बूट होताना कर्नलला लागणाऱ्या गोष्टींचं गाठोडं) या दोन फाइली बाहेर काढतो आणि स्वतः बूट करतो, मधला बूट मेनू येतच नाही, आणि म्हणूनच त्या कर्नलला आपले निरोप देता येतात. निरोप द्यायचा ऑप्शन म्हणजे एक्स्ट्रा-आर्ग्ज. त्यात लिहायचं "कन्सोल बरोबर टीटीवायएस० स्वल्पविराम ११५२००एन८". टीटीवायएस० म्हणजे पहिला सिरीयल पोर्ट, त्यातला शेवटचा आकडा शून्य आहे, इंग्रजी ओ नाही, एस मात्र कॅपिटल. ११५२०० हा वेग. एक्स्ट्रा-आर्ग्ज फक्त लोकेशनबरोबरच चालतं, सीडीरॉमबरोबर दिलं तर व्हर्ट-इन्स्टॉल थेट एरर देऊन थांबतो, तेव्हा दोन्हींची खिचडी करू नका.

डेबियनसाठी लोकेशनमध्ये आयएसओसुद्धा लागत नाही, डेबियनच्या मिररवरच्या त्या आवृत्तीच्या इन्स्टॉलर फोल्डरचा पत्ता दिला की तो हव्या त्या फाइली नेटवरून घेतो. आयएसओ हाताशी आहेच तर तोही लोकेशनला देता येतो. उबुंटू सर्व्हरचं थोडं वेगळं आहे, त्याच्या लाइव्ह आयएसओत कर्नल कुठे आहे हे व्हर्ट-इन्स्टॉलला दर वेळी ओळखता येतं असं नाही, मग लोकेशनमध्ये आयएसओच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन कर्नल म्हणजे "कॅस्पर/व्हीएमलिनझ" आणि इनिटआरडी म्हणजे "कॅस्पर/इनिटआरडी" असं स्पष्ट लिहायचं. उबुंटूचा इन्स्टॉलर सिरीयलवर आला की आधी विचारतो, रिच मोड हवा की बेसिक की एसएसएचची माहिती बघायची. त्या तिसऱ्या पर्यायाकडे लोक ढुंकून बघत नाहीत पण तो फार चांगला आहे, तो एक पत्ता आणि तात्पुरता पासवर्ड देतो, दुसऱ्या टर्मिनलमधून एसएसएचने आत शिरा आणि इन्स्टॉलेशन तिथूनच पूर्ण करा, रंग-चौकटी सगळं नीट दिसतं.

बाकीचे ऑप्शन सोपे आहेत. मेमरी एमबीत (२०४८ म्हणजे २ जीबी), डिस्कचा साइज जीबीत, व्हीसीपीयू किती ते. ओएस-व्हेरिएंट मात्र टाळू नका. नव्या आवृत्त्यांत तो ओळखता आला नाही तर व्हर्ट-इन्स्टॉल पुढेच जात नाही, आणि त्यावरूनच ठरतं की व्हीएमला वेगवान, खास व्हीएमसाठीच बनवलेली व्हर्टआयओ डिस्क आणि नेटवर्क द्यायचं की जुन्यापुराण्या हार्डवेअरची नक्कल. तुमची आवृत्ती यादीत नसेल तर त्याच घराण्यातली आधीची द्या, चालतं.

आणि हो, हे सगळं टीमक्सच्या आत करा, म्हणजे एसएसएच तुटलं तरी आतलं काम चालू ठेवणाऱ्या टर्मिनलमध्ये. इन्स्टॉलेशन चालू असताना एसएसएच तुटलं तर व्हीएम मरत नाही, पण व्हर्ट-इन्स्टॉल मरतो, आणि मग इन्स्टॉल संपल्यावर मशीन परत चालू करायला कुणी नसतं. तसं झालंच तर घाबरून सगळं काढून टाकू नका, "व्हर्श लिस्ट ऑल" ने काय अवस्था आहे ती बघा, चालू असेल तर "व्हर्श कन्सोल" ने परत जोडा, बंद असेल तर "व्हर्श स्टार्ट".

इन्स्टॉल झाल्यावरही कन्सोल कोरा दिसतोय असं काही जण लिहितात. सिरीयलवरून इन्स्टॉल केलं असेल तर डेबियन-उबुंटू सहसा ती सोय स्वतःच करून ठेवतात. नसेल तर व्हीएममध्ये एसएसएचने जा, सिस्टमसीटीएलने "सिरीयल-गेट्टी ॲट टीटीवायएस०" ही सर्व्हिस एनेबल करा म्हणजे लॉगिन येईल, आणि ग्रबच्या कर्नल ओळीत तोच कन्सोलवाला निरोप घालून "अपडेट-ग्रब" चालवा म्हणजे बूट होतानाचे मेसेजही दिसतील. हे आजच करून ठेवा. ज्या दिवशी व्हीएमचं नेटवर्क बिघडेल आणि एसएसएच लागणार नाही त्या दिवशी आत शिरायला हीच एक वाट असते.

प्रश्न: कन्सोलमधून बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबायचा असं लिहिलेलं असतं. माझा कीबोर्ड जर्मन आहे, त्यावर तो कंस ऑल्ट-जीआर दाबून येतो आणि काही केल्या बाहेर पडता येत नाही, टर्मिनल बंद करावं लागतं.
— एक वाचक, म्युनिक

उत्तर: कंट्रोल आणि ५ दाबून बघा, टर्मिनल तोच कोड पाठवतं. तेही जमलं नाही तर व्हर्शला सुरुवातीलाच "ई" ऑप्शन देऊन दुसरी की ठरवता येते, उदाहरणार्थ कंट्रोल-एक्स.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत एक सर्व्हर आहे, डेबियन, डेस्कटॉप नाही. हिशोबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं म्हणून विंडोज ११ ची व्हीएम हवीये. पण विंडोजला टेक्स्ट इन्स्टॉलर नसतो. आता काय करायचं? एकाने सांगितलं व्हीएनसी (दुरून पडदा दाखवणारी सोय) सगळ्या आयपीवर उघड म्हणजे कुठूनही दिसेल.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: त्या सल्ल्यातला दुसरा भाग कृपा करून सोडून द्या. व्हीएनसी उघड्यावर ठेवायची नसते, आणि तुमच्याकडे तर लोकांच्या ठेवींचा हिशोब आहे. क्यूईएमयूच्या साध्या व्हीएनसीला पासवर्ड लावला तरी तो फक्त आठ अक्षरांपर्यंतच धरला जातो आणि बाकी सगळं एनक्रिप्शनशिवाय जातं.

बरोबर मार्ग असा. ग्राफिक्समध्ये "नन" ऐवजी व्हीएनसी द्या, लिसन १२७.०.०.१ ठेवा, आणि नोऑटोकन्सोल द्या. म्हणजे व्हीएमला पडदा मिळाला पण तो फक्त सर्व्हरच्या आतून दिसतो. मग आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून एसएसएचचा बोगदा काढायचा, एसएसएचला "एल" ऑप्शन देऊन आपल्याकडचा ५९०१ पोर्ट सर्व्हरच्या १२७.०.०.१ वरच्या ५९०० ला जोडायचा, आणि व्हीएनसी व्ह्यूअरमध्ये लोकलहोस्ट ५९०१ टाकायचा. सर्व्हरवर कुठला पोर्ट मिळालाय ते "व्हर्श व्हीएनसीडिस्प्ले" सांगतो, शेवटी शून्य दिसलं तर ५९००, एक दिसलं तर ५९०१, असं. विंडोजवरून करायचं असेल तर पुट्टीमध्येही टनेलचा पर्याय आहे.

आता विंडोजच्या खोड्या. विंडोज ११ ला यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्यासाठी सर्व्हरवर ओव्हीएमएफ आणि एसडब्ल्यूटीपीएम ही पॅकेजेस टाका, मग व्हीएमला खोटा टीपीएम मिळतो आणि विंडोजला तो चालतो. दुसरी खोडी, बूट होताना विंडोजची सीडी म्हणते "कुठलीही की दाबा", आणि तुम्ही बोगदा काढून व्ह्यूअर उघडेपर्यंत ते काही सेकंद कधीच संपलेले असतात, समोर यूईएफआयचं शेल नाहीतर नेटवर्क बूटची धडपड दिसते. काही बिघडलेलं नाही. व्ह्यूअर उघडा ठेवा, दुसऱ्या टर्मिनलमधून "व्हर्श रीसेट" द्या, आणि लगेच की दाबा.

तिसरी खोडी सगळ्यात जास्त घाबरवते. विंडोज म्हणतं डिस्कच सापडली नाही. कारण व्हर्टआयओ डिस्कचा ड्रायव्हर विंडोजच्या सीडीत नसतो. फेडोराच्या लोकांनी त्याचा आयएसओ बनवून ठेवलेला आहे, व्हर्टआयओ-विन नावाचा, तो दुसरा सीडीरॉम म्हणून सुरुवातीलाच जोडा, "लोड ड्रायव्हर" वर जाऊन व्हीआयओस्टोर फोल्डरमधलं विंडोज ११ चं ६४ बिट निवडा, डिस्क येते. तिथेच नेटकेव्हीएम फोल्डरमधला नेटवर्कचा ड्रायव्हरपण घालून टाका, नाहीतर पुढे इंटरनेट मागणाऱ्या स्क्रीनवर अडकाल. विंडोज उभं राहिल्यावर त्याच सीडीतला गेस्ट टूल्सचा इन्स्टॉलर चालवा, रिमोट डेस्कटॉप चालू करा, आणि रोजचं काम त्यावरून करा. व्हीएनसी फक्त अडचणीला. विंडोजचं लायसन्स व्हीएमलाही लागतं, हेही संस्थेच्या कागदपत्रांत नीट असू द्या.

प्रश्न: आयएसओ माझ्या होम फोल्डरमध्ये आहे, मी स्वतः तो वाचू शकतो, तरी "परमिशन डिनाइड" येतं. रूटने चालवलं तरी तेच.
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: कारण फाइल तुम्ही उघडत नाही आणि रूटही उघडत नाही, ती उघडतो क्यूईएमयू, आणि तो डेबियन-उबुंटूवर लिबव्हर्ट-क्यूईएमयू नावाच्या वेगळ्या युजरखाली चालतो. उबुंटूत २१.०४ पासून होम फोल्डर इतरांना बंद असतं. आयएसओ व्हार-लिब-लिबव्हर्ट-इमेजेस या फोल्डरमध्ये हलवा. होम फोल्डर सगळ्यांना ७७७ करून उघडणं हे उत्तर नाही, कुणी सांगितलं तरी करू नका.

प्रश्न: क्युबरनेटिस शिकण्यासाठी मला सहा-सात व्हीएम लागतात, मोडल्या की परत बनवाव्या लागतात. दर वेळी इन्स्टॉलरचे तेच तेच प्रश्न, टाइमझोन, कीबोर्ड, पार्टिशन. काही सोपं आहे का? मी एक व्हीएम बनवून तिच्या कॉप्या काढल्या तर सगळ्यांना एकच आयपी मिळाला.
— एक वाचक, पुणे

उत्तर: तुम्हाला इन्स्टॉलरच नकोय. आणि माझं तर स्पष्ट मत आहे की स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर लिनक्सची व्हीएम हवी असेल तर इन्स्टॉलर हा दुसरा पर्याय, पहिला क्लाउड इमेज. डेबियन, उबुंटू, फेडोरा सगळे त्या देतात, म्हणजे आधीच इन्स्टॉल झालेली डिस्क, काही शे एमबीची, क्यूकाउ२ फॉरमॅटमधली (उबुंटूच्या फाइलचं एक्स्टेन्शन आयएमजी असलं तरी आत क्यूकाउ२च असतं). डेबियनमध्ये "जेनेरिक" आणि "जेनेरिकक्लाउड" अशा दोन दिसतील, घरच्या सर्व्हरवर "जेनेरिक" घ्या, तिच्यात ड्रायव्हर जास्त आहेत.

त्या इमेजमध्ये पासवर्ड नसतो, आणि लोक इथे परत फसतात, बूट होतं, लॉगिन येतं, आणि आत जाताच येत नाही. पासवर्ड, युजर, एसएसएच की, होस्टनेम हे सगळं पहिल्या बूटला क्लाउड-इनिट भरतं. तुम्ही युजर-डेटा नावाची एक छोटी यामल फाइल लिहायची, तिची पहिली ओळ "हॅश क्लाउड-कॉन्फिग" अशीच असली पाहिजे, ती नसली तर क्लाउड-इनिट तिला कॉन्फिग समजतच नाही आणि तुमचा युजर तयार होत नाही. व्हर्ट-इन्स्टॉलला "इम्पोर्ट" आणि "क्लाउड-इनिट" हे दोन ऑप्शन द्या, दुसऱ्यात युजर-डेटाचा पत्ता. क्लाउड-इनिट ऑप्शन नुसताच दिला, काही न भरता, तर तो रूटचा एक तात्पुरता पासवर्ड बनवून टर्मिनलवर दाखवतो, नुसती चाचणी करायला तेही बरं पडतं.

डिस्कच्या कॉप्याही काढू नका. "क्यूईएमयू-आयएमजी क्रिएट" ला स्मॉल बी देऊन मूळ इमेज बॅकिंग फाइल म्हणून दाखवा, कॅपिटल एफ देऊन तिचा फॉरमॅट सांगा, आणि नवी डिस्क २० जीबीची करा. नव्या फाइलमध्ये फक्त बदल साठतात, त्यामुळे सात व्हीएम क्षणात तयार होतात आणि सुरुवातीला प्रत्येकीची फाइल अगदी किरकोळ असते, पहिल्या बूटला क्लाउड-इनिट पार्टिशन वाढवूनही घेतं. अट एकच, ती मूळ इमेज परत कधी हलवायची नाही, बदलायची नाही, तिच्यावर अपडेट चालवायचे नाहीत. ती बदलली की वरच्या सातही डिस्क खराब झाल्या म्हणून समजा. मी तर तिची राइट परमिशनच काढून टाकायला सांगेन.

तुमच्या एकाच आयपीचं कारण मशीन-आयडी. चालू होऊन गेलेल्या व्हीएमची कॉपी काढली की इटीसीमधली मशीन-आयडी फाइलपण तशीच कॉपी होते, आणि सिस्टमडीचं नेटवर्क डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या सर्व्हिसला) स्वतःची ओळख त्यावरूनच सांगतं, मॅक ॲड्रेस वेगळा असला तरी. त्यामुळे डीएचसीपीला सगळ्या एकच वाटतात. कॉपी काढायचीच असेल तर आधी बंद व्हीएमवर "व्हर्ट-सिसप्रेप" चालवा, तो मशीन-आयडी, एसएसएचच्या होस्ट की, लॉग वगैरे पुसून देतो. क्लाउड इमेज वर सांगितल्याप्रमाणे बॅकिंग फाइल म्हणून वापरली तर हा प्रश्नच येत नाही कारण ती कधी बूटच झालेली नसते.

प्रश्न: व्हीएममधून इंटरनेट चालतं, पण ऑफिसमधल्या बाकीच्या कॉम्प्युटरना व्हीएम दिसत नाही. ब्रिज करा म्हणतात. केला, आणि एसएसएच गेलं, सर्व्हर वरच्या मजल्यावर कुलपात आहे.
— एक वाचक, मडगाव

उत्तर: लिबव्हर्टचं डीफॉल्ट नेटवर्क नॅटचं असतं, १९२.१६८.१२२ वालं. बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही, घरच्या राउटरसारखंच. शिकायला, चाचणीला ते पुरतं, तेवढ्यासाठी ब्रिजच्या भानगडीत पडू नका. व्हीएमचा आयपी "व्हर्श डोमइफॲडर" सांगतो, आणि लॅपटॉपवरून तिथे जायला एसएसएचचा "जे" ऑप्शन वापरून सर्व्हरवरून उडी मारता येते.

ऑफिसला सर्व्हिस द्यायची असेल तर मात्र ब्रिज हवा, म्हणजे व्हीएमना थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सॉफ्टवेअरमधला स्विच. तुमचं एसएसएच का गेलं तर आयपी नेटवर्क कार्डावरच राहिला असणार. कार्ड ब्रिजमध्ये घातलं की त्याच्यावर आयपी ठेवायचा नाही, आयपी, गेटवे, डीएनएस सगळं ब्रिजला द्यायचं, कार्ड नुसतं रिकामं. उबुंटूवर बदल करताना "नेटप्लॅन ट्राय" वापरा, १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनं सेटिंग परत येतं. पण ब्रिजला एसटीपी, फॉरवर्ड-डिले असे खास पॅरामीटर दिले असतील तर ट्राय काम करत नाही, तो तसं सांगून थांबतो. म्हणून पहिल्यांदा ब्रिज करताना कुलपाची किल्ली घेऊन वर जाणं आणि मॉनिटर लावून करणं हेच शहाणपणाचं. ब्रिज झाला की व्हर्ट-इन्स्टॉलच्या नेटवर्क ऑप्शनमध्ये ब्रिजचं नाव द्यायचं, एवढंच.

दोन गोष्टी अजून, कारण याच विषयावर दुसऱ्यांनीही विचारलंय. सर्व्हर वाय-फायवर असेल तर असा ब्रिज चालत नाही, ॲक्सेस पॉइंट फक्त जोडल्या गेलेल्या कार्डाचाच मॅक ॲड्रेस मानतो, व्हीएमचा वेगळा मॅक तो टाकून देतो. केबल लावा. आणि त्याच सर्व्हरवर डॉकर असेल, ब्रिज बरोबर दिसतोय, तरी व्हीएमला नेट नाही, तर डॉकरच्या फायरवॉलकडे बघा, तो फॉरवर्ड होणारी रहदारी डीफॉल्टने अडवतो आणि ब्रिजवरची रहदारीही त्याच गाळणीतून जायला लागते. तुमच्या ब्रिजला परवानगी देणारा एक नियम "डॉकर-युजर" साखळीत घातला की सुटतं. मॅकव्हीटॅपचा सोपा पर्याय काही जण सुचवतात, तो ब्रिज न करता चालतो खरा, पण मग खुद्द सर्व्हर आणि व्हीएम एकमेकांशी बोलू शकत नाहीत, बॅकअप सर्व्हरवरूनच घेणार असाल तर तिथेच अडेल.

प्रश्न: आमच्याकडे लाइट जाते आणि तासाभराने येते. सर्व्हर चालू होतो पण व्हीएम बंदच, मला गावावरून एसएसएच करून एकेक चालू करावी लागते. यूपीएस आहे पण छोटा.
— एक वाचक, जालना

उत्तर: "व्हर्श ऑटोस्टार्ट" आणि व्हीएमचं नाव, एवढंच प्रत्येकीला एकदा. नेटवर्कलाही "व्हर्श नेट-ऑटोस्टार्ट डीफॉल्ट" द्या, ते बंद राहिलं तर व्हीएमपण चालू होत नाहीत.

चालू होण्यापेक्षा बंद होणं मला जास्त काळजीचं वाटतं. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, सर्व्हरवर टाका, बॅटरी उतरत आली की तो सर्व्हर नीट बंद करायला सांगतो. सर्व्हर बंद होताना लिबव्हर्ट-गेस्ट्स ही सर्व्हिस व्हीएमना काय करायचं ते ठरवते, तिच्या सेटिंगमध्ये "ऑन-शटडाउन" ला "शटडाउन" ठेवा. "सस्पेंड" असेल तर ती प्रत्येक व्हीएमची सगळी रॅम डिस्कवर लिहीत बसते आणि छोट्या यूपीएसची बॅटरी तेवढा दम धरत नाही. "पॅरलल" सेटिंगपण बघा, शून्य असेल तर एक बंद झाली की मग दुसरी, आणि टाइमआउट दर व्हीएमला वेगळा लागतो. पाच व्हीएम, एकेक दोन मिनिटं धरली तर दहा मिनिटं झाली. यूपीएसवर किती वेळ निघतो ते दिवसा, सगळे समोर असताना, प्लग काढून एकदा खरंच मोजून बघा.

प्रश्न: भाड्याचा व्हीपीएस आहे, त्यावर केव्हीएमची फाइलच नाही. काय टाकलं की येईल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: काही टाकून येणार नाही. तुमचा व्हीपीएस ही स्वतःच एक व्हीएम आहे, तिच्या आत व्हीएम चालवायला कंपनीने खालून नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू केलेलं असावं लागतं आणि बऱ्याच स्वस्त प्लॅनमध्ये ते नसतं. त्यांना विचारा. त्याशिवाय क्यूईएमयू चालतं, पण प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरने भाषांतर करत, इतकं हळू की उपयोग नाही. लिनक्सच हवं असेल तर इन्कस किंवा एलएक्ससीचे कंटेनर वापरा, त्यांना हे काही लागत नाही.

प्रश्न: व्हर्शमध्ये "डिस्ट्रॉय" असा शब्द आहे, शटडाउन दिलं तरी एक व्हीएम बंद होत नाही आणि डिस्ट्रॉय द्यायची हिंमत होत नाही. डेटा जाईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: डिस्ट्रॉयने डिस्क जात नाही. ते म्हणजे चालू मशीनचा प्लग ओढणं, त्यामुळे त्या क्षणी लिहीत असलेलं काही अर्धवट राहू शकतं, बाकी मशीन आणि डिस्क तशीच राहते आणि स्टार्ट दिलं की परत उठते. आधी मात्र शटडाउन का लागू होत नाही ते बघा, ते व्हीएमला पॉवर बटण दाबल्याचा इशारा पाठवतं, आणि आतली सिस्टिम तो ऐकत नसेल तर काहीच घडत नाही. व्हीएममध्ये क्यूईएमयू-गेस्ट-एजंट टाका आणि शटडाउनला मोड म्हणून एजंट द्या.

भीती बाळगायचीच तर "अनडिफाइन" ची बाळगा. साधं अनडिफाइन फक्त व्हीएमची नोंद काढतं, डिस्क राहते. पण त्याला "रिमूव्ह-ऑल-स्टोरेज" जोडलं तर डिस्क फाइलींसकट सगळं जातं आणि विचारतही नाही. ते देण्याआधी "व्हर्श डोमब्लकलिस्ट" चालवून या व्हीएमला कुठल्या कुठल्या डिस्क लागलेल्या आहेत ते बघा, आणि "व्हर्श डम्पएक्सएमएल" चं आउटपुट एका फाइलमध्ये ठेवून द्या, म्हणजे नोंद चुकून गेली तरी "व्हर्श डिफाइन" ने ती फाइल देऊन मशीन जशीच्या तशी परत उभी करता येते.